उत्तराचा ताळा

(जळगाव येथे झालेल्या स्मृती व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या सरांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते ते गणित शिकवायचे. उत्तर बरोबर असलं तरी खाली ताळा नसेल तर ते अर्धेच गुण देत. समोर बसलेल्यांपैकी निदान दोन पिढ्यांनी ते सोसलेलं आहे. गुणाकाराचा नऊचा ताळा आठवत असेल. २३ गुणिले १७ बरोबर ३९१. २३ मधल्या अंकांची बेरीज ५, १७ मधल्यांची ८, पाच अठ्ठे चाळीस, म्हणजे ४. इकडे ३९१ ची बेरीज १३, म्हणजे ४. जुळलं. आता घाईत ३९१ ऐवजी ३१९ लिहा. बेरीज तीच १३, म्हणजे ४. ताळा जुळतो आणि उत्तर चुकलेलं असतं. अंकांची अदलाबदल नऊच्या ताळ्याला दिसतच नाही.

आजचा माझा विषय एवढाच आहे, फक्त गणिताच्या वहीऐवजी डेटाबेसमधला. पोस्टग्रेसक्यूएल नावाचा एक मुक्त स्रोत डेटाबेस आहे. त्याची तपासणी कशी होते, ती कुठे कमी पडते आणि खान्देशातल्या मुलांना तिथे काय करता येईल, याबद्दल मी बोलणार आहे.

पोस्टग्रेसची सुरुवात १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या प्रकल्पातून झाली. १९९६ पासून तो आजच्या नावानं चालतो. त्याला मालक नाही. कुणी एक कंपनी उद्या तो बंद करू शकत नाही, आणि कुणी एक कंपनी त्याची हमीही देत नाही. मुक्त स्रोताचं कौतुक करणारे यातलं पहिलं वाक्य सांगतात आणि दुसरं गाळतात. केंद्र सरकारनं २०१५ साली सरकारी कामात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण काढलं. तेव्हापासून तर हमीचा प्रश्न आपल्या दाराशी आला आहे. हमी कोण देणार? माझं उत्तर असं की इथे हमी देणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे चाचण्या. त्या जितक्या चांगल्या, तितकाच डेटाबेस भरवशाचा.

या चाचण्यांचा पाया अगदी साधा आहे. एका फाइलीत एसक्यूएलचे प्रश्न, दुसऱ्या फाइलीत त्यांची अपेक्षित उत्तरं. डेटाबेस ताजा बांधायचा, प्रश्न विचारायचे आणि आलेलं उत्तर अपेक्षित उत्तराशी ओळ न् ओळ ताडून पाहायचं. एक ओळ जरी वेगळी आली तरी नापास. प्रत्येक बदलानंतर हे सगळं पुन्हा चालतं, कारण आज केलेल्या दुरुस्तीनं काल चालणारी गोष्ट मोडते, हा या धंद्यातला रोजचा अनुभव आहे.

पण एकाच्या संगणकावर पास झालेलं दुसऱ्याच्या संगणकावर पास होईलच असं नाही. त्यासाठी २००४ साली अँड्र्यू डन्स्टन यांनी बिल्डफार्म उभारला. जगभरातले स्वयंसेवक आपापल्या यंत्रांवर ताजा कोड उतरवून घेतात, बांधतात, तपासतात आणि निकाल एका ठिकाणी पाठवतात. प्रत्येक यंत्राला प्राण्याचं नाव मिळतं. टॉम लेन हे या प्रकल्पातले सर्वांत जुन्या जाणत्यांपैकी एक. त्यांचा एक म्हातारा पॉवरपीसी मॅक ‘प्रेरीडॉग’ या नावानं वर्षानुवर्षं या कळपात होता. इतकं संथ यंत्र कशाला ठेवायचं, असं कुणालाही वाटेल. पण वेगवान यंत्रावर दोन घटना ज्या क्रमानं घडतात, त्याच क्रमानं त्या संथ यंत्रावर घडत नाहीत. ज्या चुका इतरत्र लपून राहतात त्या अशा यंत्रावर उघड्या पडतात.

आता जरा सविस्तर सांगावी अशी एक गोष्ट. ती आपल्या महाराष्ट्रातलीच आहे.

पुण्याचे पवन देवलसी हे नाव पोस्टग्रेसच्या जगात ‘हॉट’ या सुधारणेमुळे माहीत झालं. पोस्टग्रेसमध्ये एखादी नोंद बदलली की जुनी खोडली जात नाही, तिची नवी आवृत्ती लिहिली जाते. मग त्या टेबलवरच्या प्रत्येक इंडेक्सला, म्हणजे नोंदी चटकन शोधून देणाऱ्या सूचीला, नव्या आवृत्तीचा पत्ता द्यावा लागतो. ज्या रकान्यावर इंडेक्स आहे तो रकानाच बदलला नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर हा खटाटोप टाळता येतो. हॉटचं तत्त्व हेच. फेब्रुवारी २००८ मध्ये आलेल्या ८.३ या आवृत्तीत ते आलं आणि आजही ते पोस्टग्रेसच्या वेगाच्या मुळाशी आहे.

पुढे देवलसी यांनी त्याच दिशेनं आणखी एक मोठी सुधारणा हाती घेतली. तिचं नाव वॉर्म. २०१७ च्या जानेवारीअखेर ते या नव्या कोडला ताण देऊन पाहत होते. एकाच वेळी अनेक जोडण्या नोंदी बदलत आहेत, त्याच वेळी टेबल न थांबवता नवा इंडेक्स बांधला जातो आहे, आणि मग हिशेब जुळतो का ते पाहायचं. तो जुळेना. नव्या कोडमध्ये बिघाड दिसला की माणूस आधी स्वतःच्या कोडवर संशय घेतो. त्यांनीही तेच केलं. पुष्कळ शोध घेतल्यावर लक्षात आलं की दोष वॉर्मचा नाही, तो मूळ पोस्टग्रेसमध्येच आहे. मग मागच्या आवृत्त्या तपासल्या. त्या वेळी आधार असलेली सर्वांत जुनी आवृत्ती ९.२ होती. तीतही तोच दोष निघाला.

दोष काय होता? समजा शेतकऱ्यांचं टेबल आहे आणि गावाच्या रकान्यावर आजवर इंडेक्स नव्हता. आज तुम्ही ‘क्रिएट इंडेक्स कन्करंटली’ म्हणजे काम चालू ठेवून इंडेक्स बांधायला घेतला. त्याच क्षणी दुसऱ्या जोडणीवरून कुणी एकाचं गाव यावलवरून रावेर केलं. ही दुसरी जोडणी स्वतःजवळ एक यादी बाळगून असते, कोणत्या रकान्यांवर इंडेक्स आहे याची. नवा इंडेक्स आल्याची सूचना नेमकी ती यादी तयार होत असताना आली, तर सूचना ऐकल्यासारखी होते आणि जवळ उरते ती जुनीच यादी. त्या यादीनुसार गावावर इंडेक्स नाही. म्हणून नोंद हॉट पद्धतीनं बदलली जाते आणि नव्या इंडेक्सला रावेर कळतच नाही. पुढे कधीतरी रावेरचे शेतकरी शोधाल, तर हा माणूस सापडणार नाही. टेबलात तो आहे, इंडेक्समध्ये नाही. कुठे इशारा नाही, कुठे त्रुटीचा संदेश नाही.

९ फेब्रुवारी २०१७ रोजी पाचही चालू आवृत्त्यांच्या दुरुस्त्या एकदम निघाल्या. सोबत सूचना होती की अशा रीतीनं बांधलेल्या इंडेक्सबद्दल शंका असेल तर तो पुन्हा बांधून घ्या. सुधारणेच्या नोंदीत देवलसी आणि टॉम लेन यांची नावं आहेत. ज्या वॉर्मसाठी हा सगळा खटाटोप चालला होता ते मात्र पोस्टग्रेसमध्ये कधीच घेतलं गेलं नाही. एवढ्या मेहनतीचा कोड बाजूला पडला आणि त्याच्या चाचणीनं पकडलेला दोष पोस्टग्रेसच्या प्रत्येक चालू आवृत्तीतून गेला. यातलं मोठं काम कोणतं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी ठरवलेलं आहे.

इतकी वर्षं हा दोष नेहमीच्या चाचण्यांना का दिसला नाही? त्या प्रश्न एकामागून एक विचारत होत्या, आणि हा दोष दोन कामं एकमेकांच्या अंगावर आली तरच उठणारा होता. दोन जोडण्यांच्या पायऱ्या हव्या त्या क्रमानं गुंफून पाहण्याचं एक साधन, आयसोलेशन टेस्टर, २०११ पासून पोस्टग्रेसमध्ये आहे. पण ते एक अख्खी आज्ञा संपली किंवा कुलपापाशी अडली की मगच पुढची सोडतं. आज्ञेच्या पोटात, दोन ओळींच्या मध्ये, ते कुणाला थांबवू शकत नाही. ती सोय २०२४ च्या १७ व्या आवृत्तीत मिशेल पाक्विए यांच्या कामातून आली. तिला इंजेक्शन पॉइंट म्हणतात. कोडमध्ये ठरावीक जागी खूण करायची आणि चाचणीच्या वेळी तिथे येणाऱ्याला रोखून धरायचं. दरम्यान २०२२ मध्ये ‘क्रिएट इंडेक्स कन्करंटली’ याच आज्ञेनं पुन्हा दगा दिला. १४ व्या आवृत्तीत केलेल्या एका वेगसुधारणेमुळे काम चालू ठेवून बांधलेले इंडेक्स बिघडू लागले आणि जूनमध्ये १४.४ ही दुरुस्ती वेळापत्रक मोडून काढावी लागली. एकदा जिथे पाय घसरला तिथे पुन्हा घसरतो. चाचण्या वाढवायच्या तर आधी अशा जागी.

आपणच लिहिलेल्या कोडची आपणच चाचणी लिहिली की आपल्याला सुचलेल्या शंकाच त्यात येतात. म्हणून बाहेरचा माणूस लागतो. २०२० मध्ये डेटाबेस तपासणाऱ्या जेप्सेनच्या काइल किंग्सबरी यांनी पोस्टग्रेसच्या सर्वांत कडक व्यवहारपातळीत एक दोष दाखवून दिला. तो २०११ पासून तिथेच होता. कधी बाहेरचा माणूस नाही, यंत्रच लागतं. आंद्रेयास झेल्टनराइश यांचं एसक्यूएलस्मिथ कुणी शहाणा माणूस कधी विचारणार नाही असे तिरपागडे प्रश्न विचारत सुटतं आणि डेटाबेस कोसळतो का ते पाहतं. पण कोसळणं सोपं, ते दिसतं. चुकीचं उत्तर शांतपणे आलं तर? झुरिकच्या ईटीएच संस्थेतले मॅन्युएल रिगर आणि झेंडोंग सू यांनी २०२० मध्ये यावर सुरेख युक्ती काढली. ज्या शेतकऱ्यांकडे ठिबक आहे त्यांची यादी मागा, ज्यांच्याकडे नाही त्यांची मागा, ज्यांचा तो रकाना कोराच आहे त्यांची मागा. तिन्ही याद्या मिळून पूर्ण यादी झालीच पाहिजे. खरं उत्तर काय ते कुणाला माहीत नसलं तरी चालतं, बेरीज जुळली नाही तर डेटाबेस चुकला. त्यांच्या एसक्यूएलान्सर या साधनानं अनेक नामांकित डेटाबेसांची झोप उडवली.

आता आपल्या अक्षरांकडे येतो. या सभागृहातल्या मुलांजवळ आहे आणि कॅलिफोर्नियातल्या मुलांजवळ नाही, अशी गोष्ट इथे आहे.

जळगाव आणि जव्हार. यादीत आधी कोण? शाळेतली वर्णमाला म्हणते य, र, ल, व, श, ष, स, ह, ळ. म्हणजे जव्हार आधी, जळगाव नंतर. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ ची जागा ल च्या लगेच नंतर, व च्या आधी आहे. डेटाबेस नुसत्या क्रमांकावर गेला तर जळगाव आधी येईल. पालखी कुणाची पुढे, एवढ्यापुरता हा प्रश्न असता तर सोडून दिला असता. पण इंडेक्स हा क्रमावरच उभा असतो. ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सच्या ग्लिबसी या मूळ संग्रहाची २.२८ ही आवृत्ती आली आणि तिनं अनेक भाषांचे अक्षरक्रमाचे नियम बदलले. लोकांनी ऑपरेटिंग सिस्टिम नवी घेतली, डेटाबेस तोच ठेवला. जुन्या क्रमानं रचलेला इंडेक्स आणि नव्या क्रमानं शोधणारा कोड! असलेली नोंद नाही म्हणून सांगितली जाऊ लागली आणि जिथे एकच नोंद असायला हवी तिथे दुसरी शिरू लागली. पोस्टग्रेसमध्ये १० व्या आवृत्तीपासून आयसीयू या वेगळ्या संग्रहाचे नियम वापरता येतात आणि कोणत्या आवृत्तीच्या नियमांनी क्रम लावला ते नोंदवलं जातं. इंडेक्सचा क्रम शाबूत आहे का हे पाहणारं अॅमचेक हे साधनही त्याच आवृत्तीत आलं. ज्यांच्याकडे जुने इंडेक्स असतील त्यांनी ते जरूर चालवावं.

आणि बऱ्हाणपूर. मुघल काळातली आपल्या खान्देश सुभ्याची राजधानी. यातला ऱ्ह दोन प्रकारे टंकता येतो. एक, साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडखुणेचा संकेत. दुसरा, ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. डेटाबेसच्या लेखी ही दोन वेगळी गावं आहेत. अक्षररूपं एकसारखी करून देणारी नॉर्मलाइझ ही सोय १३ व्या आवृत्तीत आली, पण ती या दोघांना एक करत नाही. पोस्टग्रेसच्या अक्षरक्रमाच्या चाचण्यांत स्वीडिश आणि तुर्की अक्षरांवरचे प्रश्न आहेत. ळ आणि ऱ्ह वरचे प्रश्न लिहायला आपणच बसायला हवं, ते दुसऱ्या कुणाला सुचणार नाहीत. एक सावधगिरी मात्र हवी. अशा चाचणीत जी चूक सापडेल ती पोस्टग्रेसची असेलच असं नाही. नियम आयसीयूत किंवा ग्लिबसीत बसलेले असतात. दोष कुणाच्या घरचा आहे हे शोधून त्याच घरी नेऊन देणं हाही चाचणीचाच भाग आहे.

चाचण्या सुधारायच्या म्हणजे संख्या वाढवायची, असा एक समज आहे. एसक्यूलाइट हा तुमच्या प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये असलेला डेटाबेस. त्याच्या कर्त्यांनी मूळ कोडच्या सुमारे ५९० पट चाचणीचा कोड लिहिल्याचं ते स्वतः सांगतात. तो आकडा ऐकून आदर वाटतो, पण तीन-चार माणसांच्या बंदिस्त संघाला जे जमतं ते शेकडो लोकांच्या प्रकल्पात तसंच्या तसं आणता येत नाही. पोस्टग्रेसमध्ये मूळ चाचण्यांचा संच प्रत्येक जण दिवसातून अनेकदा चालवतो. तुम्ही घातलेला एकेक सेकंद हजारो वेळा खर्च होतो. म्हणून संथ चाचणी तिथे परत येते, आणि यायलाच हवी. त्याहून वाईट म्हणजे कधी पास, कधी नापास होणारी चाचणी. दोन सेकंद थांबा, एवढ्यात काम झालं असेल, अशा भरवशावर लिहिलेली. वेगवान यंत्रावर ती चालते, प्रेरीडॉगसारख्यावर पडते, आणि चार वेळा उगाच पडली की पाचव्या वेळी खऱ्या दोषानं पडली तरी कुणी पाहत नाही. वेळेवर नव्हे, घटनेवर थांबायचं असतं.

चांगल्या चाचणीची माझी कसोटी एकच आहे. ती नापास होताना कुणीतरी पाहिलेली असली पाहिजे. मुलांना मी एक प्रयोग सांगतो. पोस्टग्रेसचा कोड उतरवून घ्या. एखाद्या ठिकाणी ‘पेक्षा कमी’ असेल तिथे ‘पेक्षा कमी किंवा समान’ करा. बांधा आणि सगळ्या चाचण्या चालवा. काही नापास झालं तर ती जागा राखलेली आहे. सगळं हिरवं आलं, तर तुम्ही मुद्दाम केलेली चूक कुणालाच कळली नाही. ती बिनराखणीची जागा. तिथे चाचणी लिहा. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, भारी यंत्र लागत नाही, जळगावच्या मे महिन्यात पंखा तेवढा लागतो.

धुळ्याची मंडळी समोर आहेत म्हणून राजवाड्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९२६ च्या अखेरीस इतिहासाचार्य धुळ्यातच गेले आणि त्यांचा दप्तरसाठा सांभाळणारं संशोधन मंडळ धुळ्यातच उभं राहिलं. १८९८ पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ चे बावीस खंड काढले. स्वतःचे निष्कर्ष सांगून ते थांबले नाहीत, मूळ कागद छापून वाचकाच्या हाती दिला. माझं चुकलं असेल तर कागद पाहून दाखवा, अशी ती तयारी होती. त्यांचे अनेक निष्कर्ष पुढच्यांनी खोडलेही, आणि ते त्यांनीच छापलेल्या कागदांच्या आधारानं. मुक्त स्रोतात काम करायला हीच वृत्ती लागते. तिची परंपरा या जिल्ह्यांना परकी नाही.

तरीही आपल्याकडे चाचणीच्या कामाला मान नाही. खान्देशातलं पोरगं पुण्याला नोकरीला लागलं की नातेवाईक विचारतात, ‘डेव्हलपमेंटला आहे का टेस्टिंगला?’ टेस्टिंगला म्हटलं की चेहरा जरा उतरतो. स्थळांच्या माहितीपत्रकातसुद्धा हा भेद पोचला आहे. कंपन्यांनीही तो पोसला. बटण दाबून तक्ते भरण्याच्या कामाला त्यांनी टेस्टिंग म्हटलं आणि तसाच पगार दिला. मी ज्या कामाबद्दल बोलतो आहे ते वेगळं आहे. देवलसींच्या त्या आठवड्यांतल्या शोधाला डेटाबेसच्या पोटाची जितकी ओळख लागली, तितकी नवा कोड लिहायलाही क्वचित लागते.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून वर्षानुवर्षं तेच ग्रंथालय व्यवस्थापन, तीच हजेरी. काही ठिकाणी तर तयार प्रकल्प विकत मिळतो आणि बांधणी करून सादर होतो. यात विद्यार्थ्यांपेक्षा व्यवस्थेचा दोष मोठा आहे, कारण त्या प्रकल्पाकडे परीक्षकाशिवाय कुणीच पाहणार नसतं. पोस्टग्रेसमध्ये पाठवलेल्या पॅचकडे, म्हणजे सुचवलेल्या बदलाकडे, जग पाहतं. वर्षातून पाच वेळा, जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्चमध्ये, आलेले पॅच तपासण्याचं कमिटफेस्ट भरतं. त्यात इतरांचे पॅच उतरवून घेऊन चालवून पाहणारी माणसं नेहमीच कमी पडतात. जो तपासतो त्याचं नाव बदलाच्या नोंदीत कायमचं राहतं. तिथे कुणी तुमचं महाविद्यालय विचारत नाही. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, पुरावा पक्का लागतो.

म्हणून बांभोरी, शिरपूर, धुळे आणि जळगावच्या संगणक विभागांना, तसंच आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला माझी विनंती आहे. येत्या सत्रात शेवटच्या वर्षाच्या एका तरी गटाला हा विषय द्या. पॅच स्वीकारला गेला की नाही यावर गुण देऊ नका, ते मुलांच्या हातात नसतं. बिनराखणीची जागा शोधली का, तिथे चाचणी लिहिली का आणि ती आधी नापास करून दाखवली का, एवढंच तपासा. प्रयोगशाळेतलं एक यंत्र बिल्डफार्मला द्या आणि त्यावर मराठीचा अक्षरक्रम लावून ठेवा. अर्ज करायला शुल्क नाही. पहिल्या गटाला लागेल ती मदत करायला मी तयार आहे, माझा पत्ता संयोजकांकडे आहे.